‘फरार’ लिहिलेला मुलगा

(माजलगाव इथं तरुणांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



मला इथं बोलावलं तेव्हा विषय दिला होता ‘सॉफ्टवेअरमधल्या नोकऱ्या आणि आपल्या भागातली मुलं’. त्यावर बोलायला मला आवडतं आणि जेवताना ज्यांना विचारायचं असेल त्यांनी जरूर विचारावं. पण आयोजकांकडून मी वेगळ्या विषयाची परवानगी मागून घेतली. एका सॉफ्टवेअर इंजिनिअरबद्दलच बोलणार आहे. तो आपल्या शेजारच्या परभणीचा होता. त्याचं नाव ख्वाजा युनूस.

हात वर करून सांगा, हे नाव किती जणांनी ऐकलंय? सहा... सात. पन्नास-साठ जणांत सात. म्हणजे मी विषय बदलला ते बरंच झालं.

मी त्याला कधी भेटलो नाही. तरी मी त्याला मनात मित्रच म्हणतो. ते का, ते आधी सांगतो.

2003 सालची गोष्ट आहे. मी नववीत होतो. फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक शाह बाबांचा उरूस भरतो, तुमच्यापैकी बरेच जण जात असतील. अब्बांनी मला एसटीनं नेलं, माजलगाव-पाथरी-परभणी. उरुसातल्या एका हॉटेलात आम्ही चहा घेत बसलो होतो. शेजारच्या बाकड्यावर चार माणसं हळू आवाजात बोलत होती. माझ्या कानावर तुकडे पडले. इंजिनिअर होता. दुबईला नोकरी. सुट्टीवर आला होता. मुंबईच्या पोलिसांनी नेलं. पळून गेला म्हणतात. मग त्यातला एक जण म्हणाला, “पळून जाईल कुठं?”

अब्बांनी अर्धा चहा तसाच ठेवला, माझा हात धरला आणि आम्ही बाहेर पडलो. एसटीत ते एवढंच म्हणाले, “घरमें किसीकू कुछ नको बोल.” मी कुणाला काही बोललो नाही. पण चार वर्षांनी मी इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायला घेतला तेव्हा अम्मीनं विचारलं, “दुसरं काही नाही का शिकता येणार?” म्हणजे ते नाव आमच्याही घरात होतं. फक्त कुणी उच्चारत नव्हतं.

युनूस गेला तेव्हा 27 वर्षांचा होता. मी आज छत्तिशीत आहे. मी जे काम करतो तेच तो करत होता. माझं लग्न झालं, मुलं झाली, डोक्यावरचे केस कमी झाले. तो 27 वर्षांचाच राहिला. दर जानेवारीत मला हा हिशोब आठवतो.

आता काय घडलं ते क्रमानं सांगतो. यात माझं मत घालत नाही, जे नोंदलं गेलं आहे तेवढंच सांगतो.

2 डिसेंबर 2002 रोजी मुंबईत घाटकोपर स्टेशनबाहेर बेस्टच्या बसमध्ये बॉम्बस्फोट झाला. दोन माणसं मेली, अनेक जखमी झाली. ही माणसंही लक्षात ठेवा, मी शेवटी त्यांच्याकडे परत येणार आहे. या गुन्ह्यात पोलिसांनी बऱ्याच तरुणांना पकडलं. ख्वाजा युनूसला 25 डिसेंबरला अटक झाली. तेव्हा पोटा हा कायदा लागू होता. त्यात जामीन जवळजवळ अशक्य होता आणि पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत होता. यावरून कोठडीत कबुलीजबाबाला किती किंमत आली असेल ते बघा.

6 जानेवारी 2003. त्या दिवसानंतर युनूस कुणाला दिसला नाही.

पोलिसांचं म्हणणं असं होतं: आम्ही त्याला तपासासाठी औरंगाबादकडे नेत होतो. वाटेत अहमदनगर जिल्ह्यात, पारनेरजवळ, आमची गाडी दरीत गेली आणि त्या गडबडीत आरोपी पळाला. तशी फिर्यादही पारनेर पोलीस ठाण्यात दिली गेली. कागदावर युनूस ‘फरार’ झाला.

दुसरी हकीकत त्याच कोठडीतून आली. त्याच गुन्ह्यात आरोपी केलेले डॉ. अब्दुल मतीन यांनी कोर्टाला सांगितलं की युनूसचे कपडे काढून त्याला छातीवर आणि पोटावर पट्ट्यानं मारताना मी पाहिलं आणि तो रक्ताची उलटी करत होता. हे सांगणारा माणूस स्वतः तेव्हा आरोपी होता. पुन्हा त्याच पोलिसांच्या हातात जाऊ शकत होता. तरी तो बोलला.

युनूसच्या घरच्यांनी मुंबई हायकोर्टात धाव घेतली. आमचा माणूस आणून दाखवा, असं म्हणणारा तो अर्ज होता. हायकोर्टानं तपास राज्याच्या सीआयडीकडे दिला. सीआयडीच्या तपासात निष्कर्ष निघाला की पळून जाण्याची हकीकत खोटी आहे, युनूसचा मृत्यू पोलिसांच्या ताब्यात झाला. लक्षात घ्या, हे कुठल्या संघटनेनं किंवा पत्रकानं म्हटलेलं नाही. सरकारच्याच एका खात्यानं सरकारच्या दुसऱ्या खात्याबद्दल हे म्हटलं.

सीआयडीनं 14 पोलिसांकडे बोट दाखवलं. सरकारनं खटला चालवायला परवानगी दिली ती फक्त चौघांवर. त्यातले एक सचिन वाझे. 2004 मध्ये त्यांना अटक झाली आणि ते निलंबित झाले. खून आणि पुरावा नष्ट करणं, असे आरोप ठेवले गेले. 2005 साली विशेष पोटा कोर्टानं घाटकोपर प्रकरणातल्या बाकीच्या आरोपींना निर्दोष सोडलं. म्हणजे युनूस जिवंत असता तर तोही त्यांच्याबरोबर कोर्टाच्या पायऱ्या उतरला असता, असं मानायला जागा आहे.

मग वर्षं गेली. 2012 मध्ये हायकोर्टानं कुटुंबाला 20 लाख रुपयांची भरपाई ठरवली, पण उरलेल्या दहा पोलिसांवर खटला चालवण्याची मागणी मान्य केली नाही. युनूसची आई आसिया बेगम त्यासाठी सुप्रीम कोर्टात गेल्या. साक्षी नोंदवायला सुरुवात झाली ती 2018 मध्ये. म्हणजे तेव्हाचं पाळण्यातलं पोर दहावीला गेलं होतं. पहिले साक्षीदार डॉ. मतीन. त्यांनी साक्षीत आणखी चार पोलिसांची नावं घेतली. त्या चौघांना आरोपी करावं म्हणून विशेष सरकारी वकिलांनी अर्ज दिला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या वकिलांना खटल्यावरून काढण्यात आलं. खटला पुन्हा थांबला. जून 2020 मध्ये वाझे यांना पोलीस दलात परत घेतलं गेलं. म्हाताऱ्या आईनं त्याविरुद्धही कोर्टात अर्ज केला. पुढच्याच वर्षी, मार्च 2021 मध्ये, तेच वाझे मुंबईतल्या एका उद्योगपतीच्या घराबाहेर सापडलेल्या स्फोटकांच्या प्रकरणात अटक झाले आणि मग सगळ्या देशानं विचारलं, हा माणूस परत सेवेत आला कसा? परभणीतली एक आई हा प्रश्न कित्येक महिने आधीपासून विचारत होती. तेव्हा कॅमेरे तिच्याकडे वळले नव्हते.

आरोपींना कोर्टानं अजून दोषी ठरवलेलं नाही. दोष कुणाचा ते कोर्ट ठरवेल. पण खटला चालवायलाच एवढी वर्षं लागावीत, याला कुणाच्या निकालाची गरज नाही. ते आपल्याला दिसतंय.

आता या सगळ्यातली एक गोष्ट, जी कोर्टाच्या कागदात बसत नाही.

मय्यत सापडली नाही.

आपल्यात माणूस गेला की काय करायचं ते आपल्याला माहीत असतं. गुस्ल द्यायचं, कफन घालायचं, जनाज्याची नमाज पढायची, खांदा द्यायचा, मूठभर माती टाकायची. ज्यांना आयुष्यभर एकमेकांचं तोंड बघायचं नसतं ते भाऊसुद्धा त्या दिवशी एका रांगेत उभे राहतात. बाई रडते तेव्हा शेजारणी तिला धरतात. दुःख कमी होत नाही, पण त्याला एक वाट मिळते. शुक्रवारी कब्रस्तानात जाऊन फातिहा पढायला एक जागा मिळते.

जो कागदावर ‘फरार’ आहे त्याची जनाज्याची नमाज कशी पढायची? मय्यत समोर नसताना ती पढता येते का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. आपल्याकडे बहुतेक लोक हनफी आहेत, आणि हनफी फिकहमध्ये ती साधारणपणे पढत नाहीत. कायदाही तसाच. सात वर्षं ज्याची खबर नाही, त्याला मेलेला धरतात. म्हणजे ‘फरार’ हा एक शब्द लिहिला की घरच्यांना रडायची परवानगी नाही, वारसाचे कागद नाहीत, मृत्यूचा दाखला नाही. उलट दारात पोलीस येऊन विचारू शकतात, “कुठं लपवलाय?” आणि आईच्या मनात एक बारीकसा कोपरा असा राहतो की खरंच पळाला असेल तर? खरंच कुठं असेल तर? मारणं हे एक. पण आईला तिच्या मुलासाठी धड रडताही येऊ नये, हे त्याच्याही पलीकडचं.

म्हणून मला वाटतं की सरकारी हकीकत तपासणं हा आपला राजकारणाचा छंद नाही. तो मातीचाच भाग आहे. ज्याला खांदा देता आला नाही, त्याच्याबद्दल खरं काय ते शोधणं, हाच त्याला दिलेला खांदा.

आता माझ्या कामातलं थोडं सांगतो. आमच्याकडे रात्री सर्व्हर बंद पडतो. सकाळी सगळे विचारतात, काय झालं? प्रत्येक यंत्र आपापली नोंद ठेवत असतं, त्याला आम्ही लॉग म्हणतो. ज्या प्रोग्रॅमवर संशय आहे, त्याच प्रोग्रॅमचा लॉग वाचून कुणी शहाणा इंजिनिअर निष्कर्ष काढत नाही. तो दुसऱ्या यंत्राचा लॉग मागतो. नेटवर्कचा, डेटाबेसचा, शेजारच्या सर्व्हरचा. कारण खरी घटना एकाच ठिकाणी नोंदली जात नाही, ती चार ठिकाणी खुणा सोडते. खोटी घटना मात्र फक्त ती सांगणाऱ्याच्या वहीत असते.

पोलिसांची हकीकतही तशीच वाचायची. चार प्रश्न विचारायचे.

पहिला: ही हकीकत कुणी लिहिली? जो माणूस शेवटपर्यंत त्या मुलाबरोबर होता, त्यानंच ना? मग तो साक्षीदार नाही, त्यालाच जबाब द्यायचा आहे.

दुसरा: कधी लिहिली? घटना घडली तेव्हा, की प्रश्न सुरू झाल्यावर?

तिसरा: हे खरं असेल तर आणखी काय काय असायला हवं? गाडी दरीत गेली असेल तर गाडीचं नुकसान, आतल्या लोकांच्या जखमा, दवाखान्यातले कागद, गाडीचं लॉगबुक, पळालेल्याचा शोध घेतल्याच्या नोंदी. एवढा मोठा आरोपी पळाला तर आकाशपाताळ एक व्हायला हवं.

चौथा: उलटं सांगू शकेल असं कोण होतं आणि त्याला कुणी विचारलं का?

हे चार प्रश्न शांतपणे विचारता येतात. ओरडायची गरज नाही. ओरडलं की समोरचा म्हणतो, हे भावनेच्या भरात बोलतायत. प्रश्न लिहून दिला की त्याला उत्तर तरी द्यावं लागतं, नाहीतर उत्तर दिलं नाही याची नोंद होते.

आणि हे प्रश्न आपल्या बाजूच्या हकीकतीलाही विचारायचे. हे कडू आहे पण बोलतो. पोलिसांचं सगळं खोटं आणि व्हॉट्सॲपवर आलेलं सगळं खरं, ही चिकित्सा नव्हे. पाच वर्षांपूर्वीचा कुठल्या तरी दुसऱ्या देशातला व्हिडिओ ‘बीडमध्ये काल रात्री’ म्हणून आपल्याच ग्रुपवर फिरलेला मी पाहिलाय. असा एक खोटा व्हिडिओ दहा खऱ्या कुटुंबांचं नुकसान करतो, कारण उद्या त्यांचं खरं बोलणंही त्याच टोपलीत टाकलं जातं. आलेली बातमी आधी पारखून घ्या, ही ताकीद तर सूरह हुजुरातमध्येच आहे. ती आपल्याला आहे, फक्त पोलिसांना नाही.

आता मी ज्यासाठी इथं उभा आहे ते सांगतो. ते सांगायला मला जरा जड जातं.

इंजिनिअरिंगला असताना माझा एक खोलीमित्र होता. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. आम्ही एकाच ताटात जेवायचो. एकदा तो दोन रात्री खोलीवर आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आला, अंघोळ केली आणि झोपला. संध्याकाळी सगळ्यांना म्हणाला, “गावी लग्न होतं, अचानक जावं लागलं.” मी त्याची पाठ पाहिली होती. मला माहीत होतं की लग्न नव्हतं. त्या आठवड्यात कुठं तरी स्फोट झाला होता आणि आपल्या पोरांना चौकशीला नेत होते, हेही मला माहीत होतं. मी विचारलं नाही. मला उरुसातलं ते हॉटेल आठवलं, अब्बांचा हात आठवला. मी स्वतःला सांगितलं, त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. विचारलं तर माझंही नाव त्यात येईल, असं वाटलं. पुढच्या सत्रात मी खोली बदलली.

त्या दोन रात्रींचा जगात कुठंही कागद नाही. अटकेची नोंद नाही, डॉक्टरची तपासणी नाही, कोर्ट नाही. अधिकृत हकीकत अशी आहे की काहीच घडलं नाही. आणि त्या हकीकतीवर पोलिसांनी सही केलेली नाही. सही माझी आहे. मी गप्प बसलो.

बारा वर्षांनी एका लग्नात भेटलो तेव्हा मी त्याला बाजूला नेलं आणि विचारलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मार तो भूल गया यार. तूने पूछा नहीं, वो नहीं भूला.”

तो जिवंत आहे, अल्हम्दुलिल्लाह. चांगली नोकरी करतो. युनूस वाचला नाही. दोघांमध्ये फरक किती होता? कदाचित एका रात्रीचा. कदाचित एका जास्तीच्या फटक्याचा. म्हणून मी युनूसला मित्र म्हणतो. मी ज्याला विचारलं नाही, त्याचा हिशोब मी याच्याकडे फेडतोय.

तुमच्यातले काही म्हणतील, हे जुनं झालं. मग परत परभणीला चला.

10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, दगडफेक झाली आणि धरपकड सुरू झाली. पकडलेल्यांमध्ये सोमनाथ सूर्यवंशी होता. वय 35. वडार समाजातला. कायद्याचं शिक्षण घेत होता. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. सुरुवातीला सांगितलं गेलं की छातीत दुखू लागलं. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं की मारहाण झालेली नाही, त्याला श्वसनाचा आजार होता.

पण इथं मय्यत होती. शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात झालं आणि त्यात कारण लिहिलं गेलं: अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. दुसऱ्या यंत्राचा लॉग. सगळी हकीकत तिथं अडकली. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनं पोलिसांना जबाबदार धरलं. सोमनाथच्या आई विजयाबाई यांनी सरकारची दहा लाखांची मदत नाकारली आणि कोर्टात गेल्या. प्रकाश आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. 4 जुलै 2025 रोजी हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं आणि 30 जुलैला तिथंही आदेश कायम राहिला.

दोन आया. एक आसिया बेगम, एक विजयाबाई. एकीच्या मुलावर दहशतवादाचा शिक्का, दुसरीच्या मुलावर दंगलीचा. दोन प्रकरणांत 22 वर्षांचं अंतर आणि ‘त्याचं त्यालाच काही तरी झालं’ हे उत्तर सारखंच. एक पळाला, दुसरा आजारी होता. दोन्ही वेळा करणारा कुणी नाही.

म्हणून मला आपल्या पोरांना कळकळीनं सांगायचंय. हे फक्त ‘आपल्यावर’ होतं, असं म्हणून बसू नका. परभणीत त्या डिसेंबरात ज्या भीमनगरातल्या आया पोरांसाठी पोलीस ठाण्याबाहेर उभ्या होत्या, त्यांच्याकडे आपण किती जण गेलो? आणि 2003 मध्ये आसिया बेगमकडे किती जण गेले होते? कोठडीत कोण मरतं ते पाहा. मुस्लिम, दलित, भटके-विमुक्त, आदिवासी, गरीब. ज्याच्यासाठी रात्री अकरा वाजता वकील उठून येत नाही, तो. आपण एकमेकांसाठी उठून आलो तर गोष्ट बदलते.

उठून आल्यावर करायचं काय, ते थोडक्यात सांगतो. भाषण विसरा, पण हे घरी जाऊन लिहून ठेवा.

संविधानाच्या कलम 22 नुसार अटक केलेल्याला कारण सांगावं लागतं, वकिलाशी बोलू द्यावं लागतं आणि 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे न्यावं लागतं. प्रवासाचा वेळ वगळून. 1996 च्या डी. के. बसू निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अटकेचा पंचनामा जागेवर करायचा, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची, नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायचं आणि कोठडीत दर 48 तासांनी डॉक्टरकडून तपासणी करायची. त्या निकालात ‘मित्र’ हा शब्दही आहे, हे लक्षात ठेवा. तुम्ही नातेवाईक नसलात तरी तुम्हाला कळवता येतं. 2020 मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सुप्रीम कोर्टानं प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावून चित्रीकरण जपून ठेवायला सांगितलं. चित्रीकरण कायम राहत नाही, जुन्यावर नवं चढतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात लेखी मागणी करायची की अमुक तारखेचं चित्रीकरण पुसू नका. कोठडीत मृत्यू झाला तर दंडाधिकाऱ्यांची चौकशी कायद्यानं बंधनकारक आहे. पोलिसांनी पोलिसांची केलेली चौकशी त्याच्या जागी चालत नाही.

आणि सगळ्यात साधं काम. कुणाला नेलं असं कळलं की वेळ लिहा. किती वाजले, कोणती गाडी, किती माणसं, गणवेशात होती का. मग लगेच पोलीस अधीक्षकांना ईमेल करा, टपालानं पाठवा, पोच घ्या. तो कागद म्हणजे तुमचा लॉग. उद्या कुणी म्हटलं की आम्ही त्याला परवा पकडलं, तर तुमच्या कागदावर कालची तारीख असेल. यात शौर्य काही नाही. दहावी पास पोरगा हे करू शकतो. आणि अशा एका कागदानं कदाचित पट्टा उचललेला हात थांबतो, कारण बाहेर कुणी तरी मोजतंय हे आत कळलेलं असतं.

आता घाटकोपरच्या त्या दोन माणसांकडे येतो. बसमध्ये मेलेली दोन माणसं. ज्यांना पकडलं होतं ते निर्दोष सुटले आणि एकाचा कोठडीत जीव गेला. मग त्या दोघांच्या घरच्यांना काय मिळालं? खोट्या माणसाला मारून बंद केलेली फाइल त्यांचीही फसवणूक आहे. त्यांच्यासाठीही आपल्याला खरी हकीकत हवी. हे आपण मोठ्यानं म्हटलं पाहिजे. नाहीतर आपलं दुःख फक्त आपल्यांपुरतं आहे, असं लोक समजतील आणि त्यांचं चुकणार नाही.

मला एक जण म्हणाला, “भाई, एवढ्या वर्षांनी काय मिळणार? मुलगा तर येणार नाही.” खरं आहे. पण आसिया बेगम एवढी वर्षं कोर्टात गेल्या नसत्या तर आजही सरकारी दप्तरात एवढंच असतं की ख्वाजा युनूस नावाचा आरोपी पारनेरजवळ पळाला. त्या बाईनं तो ‘फरार’ शब्द खोडायला लावला. मय्यत मिळाली नाही, पण निदान पोरगा मेला, पळाला नाही, हे तिनं सरकारच्या तोंडून वदवून घेतलं. इंजिनिअर पोराच्या आईनं.

जाता जाता एकच विनंती. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत असा एक मित्र असेल जो मध्ये काही दिवस ‘गावी गेला होता’. आज घरी गेल्यावर त्याला फोन करा. सल्ला देऊ नका, कायदा सांगू नका. फक्त विचारा, “तेव्हा काय झालं होतं रे?” आणि तो बोलेपर्यंत फोन ठेवू नका.

युनूससाठी, सोमनाथसाठी आणि बसमधल्या त्या दोघांसाठी आपण एक मिनिट उभे राहू या. ज्यांना दुआ करायची त्यांनी दुआ करावी. ज्यांना नुसतं शांत राहायचं त्यांनी शांत राहावं.